मुरादचा खोका आणि महिपतीचा कर्णा

"हे पोर दचकत नाय गो," तुळजाबाई म्हणाल्या. "माझ्या हातून परात पडली, शेजारची म्हातारी खाटेवर उठून बसली, नि ह्यानं मान वळवली नाय. एकदा नीट बघ त्याच्याकडं."

मुरूच्या उष्टावणाचा दिवस होता. चंद्रभागा लेकाला खिरीचं बोट चाटवत होती आणि त्याच्या हनुवटीवरून ओघळणारी खीर बघून सुखावत होती. तुळजाबाई तिच्या नवऱ्याची आत्या. त्यांना जगात धड काही दिसतच नसे. भात दिसला तर करपलेला, लुगडं दिसलं तर विटलेलं, आणि आभाळ निरभ्र असलं तरी त्यात कुठंतरी बोटभर ढग. अशा बाईचं बोलणं मनावर घ्यायचं तर माणसानं जगायचं कसं? शिवाय चंद्रभागा पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढून आलेली. बालसंगोपनावरचं एक जाडजूड पुस्तक तिनं लग्नात हट्टानं रुखवतात मांडायला लावलं होतं, चकल्यांच्या शेजारी.

"आत्याबाई, काही मुलं मुळातच शांत असतात," ती हसून म्हणाली.

"शांत तर आमचं उखळ पन हाय," तुळजाबाई म्हणाल्या आणि परात उचलून आत गेल्या.

बोलणं झटकून टाकलं खरं, पण खिरीतल्या वेलदोड्याच्या सालीसारखं ते दाताखाली येत राहिलं. मुरू रांगायला लागला, उभा राहिला, भिंत धरून चालायला लागला, आणि चंद्रभागेचं हसू कमी कमी होत गेलं. आता ती हळूच त्याच्या पाठीमागं जाऊन बांगड्या वाजवायची. वाटीवर चमचा वाजवायची. गोडातला गोड आवाज काढून "मुरूऽऽ, ए राजाऽऽ" म्हणायची. राजा आपला ओसरीवरच्या मुंग्यांमध्ये दंग. ती समोर येऊन बसली की मात्र तो असा काही खुलायचा, की तिचं तिलाच वाटायचं, छे, काहीतरीच आपलं.

बरं, बहिरा म्हणावं तर तसंही नव्हतं. संध्याकाळी सासरे घरी यायचे. भागोजीरावांचा जन्म जंगलखात्यात गेलेला. आवाज असा, की ठेकेदार आणि रानडुकरं दोघंही वाट सोडायची. ते अंगणातून नुसतं "सूनबाई, पाणी!" म्हणाले, की मुरू गर्रकन वळायचा आणि दाराकडं सुटायचा. म्हणजे ऐकू येत होतं. मग आईचंच तेवढं का ऐकू येत नव्हतं?

चंद्रभागेनं ह्यावर पुष्कळ विचार केला. विचार करायची सवय कॉलेजनं लावली होती आणि ती सवय काही सुखाची नव्हती. एक तर मुलगा बहिरा आहे, नाही तर त्याला सगळं ऐकू येतं, पण आईच्या हाकेला वळावंसं वाटत नाही. पहिल्या विचारानं तिला रडू यायचं. दुसऱ्यानं रडूसुद्धा येत नसे. नवरा मुंबईला गोदीत नोकरीला. तो यायचा शिमग्याला. त्याला काय सांगणार? की तुमचा मुलगा मला ओळख देत नाही?

अशात माघ महिना लागला आणि महाडात लाऊडस्पीकर आला. एक नव्हे, दोन.

जत्रेतलं कीर्तन मागच्यांना ऐकू जात नाही, ही दरसालची तक्रार. मागची माणसं गप्पा छाटत बसतात आणि बुवा चिडतात ते पुढं बसलेल्या गरीब म्हाताऱ्यांवर. यंदा पंचांनी ठरवलं, मुंबईसारखा लाऊडस्पीकर लावायचा. त्यासाठी दोघं पुढं आले. एक महिपती घासलेटवाला. त्यानं मुंबईहून पत्र्याचा लांबलचक कर्णा आणला होता, तोंड एवढं मोठं की आत शेळी बसावी. दुसरा मुराद. हा मुंबईच्या एका सिनेमा थेटरात बरीच वर्षं मशीनवर होता. थेटरनं नवं यंत्र आणलं तेव्हा मोडीत निघालेले काचेचे दिवे, तारा आणि एक कागदी भोंगा घेऊन तो गावी आला आणि ते सगळं त्यानं एका सागवानी खोक्यात बसवलं. खोक्याच्या तोंडाला बायकोच्या जुन्या शालूचा तुकडा ताणून लावलेला. महाडात वीज नव्हती. तेव्हा दोघांचीही यंत्रं मोटारीच्या बॅटरीवर चालायची.

पंचांत मुख्य भागोजीराव. ते म्हणाले, "तोंडी बढाया नकोत. दोन्ही नदीवर आणा. ऐकू आणि ठरवू."

सावित्रीच्या वाळूत निम्मं महाड लोटलं. चंद्रभागाही गेली, मुरूला काखेत मारून. वरवर सगळी हौस यंत्रांची. मनात मात्र तिनं ठरवलं होतं, की इथला आवाज ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाला ऐकू येणारच. आज काय ते कळेल. तिनं मुरूला वाळूत बसवलं, पाठ यंत्रांकडं करून, आणि आपण त्याच्या समोर बसली, डोळे त्याच्या तोंडावर लावून.

पहिली पाळी महिपतीची. त्यानं फोनोवर एका गाणारणीची तबकडी लावली आणि समोर माइक धरला. कर्ण्यातून गाणं सुटलं तशी पुढची रांग आपसूक मागं सरली.

"वा! शब्द न् शब्द सुटा," एक पंच म्हणाले. "मोकळा भात जसा."

"मोकळा हाय, पन खडे किती!" तुळजाबाई म्हणाल्या. त्या चण्याचा पुडा घेऊन शेजारी टेकल्या होत्या. "कानात कचकच करतंय मेलं."

मुरू वाळूत खड्डा खणत होता. तो खणतच राहिला. गाणं आवडलं नसेल, चंद्रभागेनं मनाची समजूत घातली. गाणारीण जरा बेसूरच आहे.

"गाणं पुरे," भागोजीराव म्हणाले. "माणसाचा आवाज किती लांब जातो ते दाखवा."

नदीपल्याडच्या डोंगरावर एक वाडी आहे. तिथला भिकू त्या दिवशी बाजाराला आला होता. डोंगरातली माणसं ह्या धारेवरून त्या धारेवर हाका घालूनच बोलतात, आणि त्यात भिकूची हाक नावाजलेली. त्याला धरून माइकपुढं उभं केलं.

"काय बोलू?"

"काहीही. एक, दोन, तीन म्हण."

"ते कशाला? काय मोजायचंय?" भिकूला हे पटेना. उगीच हाक घालायची नसते, हे वाडीतलं पोरगंही जाणतं. वरची माणसं हातातलं काम टाकून कान देतात. हाक घालायची ती कामाचीच. नदीकाठावरून घालण्याजोगी कामाची हाक भिकूला एकच ठाऊक होती. त्यानं कानाशी हात नेला, सवयीनं डोंगराकडं तोंड केलं, महिपतीनं त्याची हनुवटी धरून माइककडं वळवली, आणि भिकूनं पोटातून हाक सोडली.

"कुऽऽऊ! चांगूऽऽ! डोली आनाऽऽ!"

पाण्यातले बगळे उठले. काठावरच्या गाडीच्या बैलांनी दावी तोडली. तुळजाबाईंच्या हातातला पुडा उलटा झाला. मुरूनं वाळूवर सांडलेले चणे बघितले आणि एक उचलून शांतपणे तोंडात टाकला.

चंद्रभागेनं बोट घालून तो चणा काढला.

पंचांमध्ये वाद सुरू झाला, हाक वर गेली की नाही गेली. तो रंगात येतोय तोवर कुणीतरी बोट दाखवलं. पलीकडच्या उतारावर धूळ उठली होती. वाडीतले सगळे बाप्ये आजारी-जखमी माणसाला उचलून न्यायची डोली खांद्यावर घेऊन धावत खाली येत होते. त्यांनी गुडघाभर पाणी तुडवलं. पुढं चांगू, भिकूचा थोरला भाऊ, धापा टाकत.

"कोन पडला? कुठं हाय?"

"कोन नाय रे पडला," भिकू म्हणाला. "मशीन बघत होतो."

"मग डोली कशाला मागवलीस?"

"बोल म्हनाले. मग काय बोलू?"

चांगूनं डोली खाली टाकली. "पडलाय तर हाच पडलाय, डोक्यावर! ह्यालाच घाला रे डोलीत!"

असा हशा पिकला की विचारू नका. भिकूला राहू दे, म्हणून लोकांनी महिपतीलाच डोलीत घातलं आणि कर्ण्याभोवती मिरवलं. एकटी चंद्रभागा हसली नाही. ज्या आवाजानं डोंगरावरची माणसं खेचून आणली, तो आवाज तिच्या लेकाच्या पाठीमागं उभा राहून परत गेला होता. तिनं मुरूला उचलून खांद्यावर घेतलं. तुळजाबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. आता बोलतील, सांगितलं होतं म्हणतील, अशी ती वाट बघत राहिली. आत्याबाई वाकून सांडलेले चणे गोळा करायला लागल्या, आणि तेच तिला सोसेना. ती घराकडं चालायला लागली.

मागं मुरादची पाळी सुरू झाली होती.

"घाल रे भिकू हाक," भागोजीराव म्हणाले. "आता खोक्यातून."

"कोनाला घालू? सगळे तर हितंच हायत."

"तरी घाल."

भिकूनं घातली. सगळे डोंगराकडं बघत राहिले. वाडीची माणसं वाळूत बसून गूळपाणी पीत होती, तीही मान वर करून आपल्याच रिकाम्या वाडीकडं बघायला लागली. कुणी आलं नाही.

"कोणी आलं नाही, म्हणजे ऐकू गेलं नाही," एका पंचानं निकाल दिला.

मुरादला संताप आवरेना. माइक त्याच्या हातातच होता. "अहो पंच, जो यायचा तो येऊन बसलाय ना! वर काय कोंबड्या येतील डोली घेऊन?"

खोक्यातून आवाज असा घुमला की जसं धरणीनंच तक्रार करावी. आणि चंद्रभागेच्या खांद्यावर मुरूचं अंग थरकलं. त्यानं मान वर काढली आणि इकडंतिकडं बघितलं.

ती जागच्या जागी थांबली. बगळा दिसला असेल. तिनं त्याचा चेहरा नदीकडून वळवून गावाकडं केला.

"रडतो कशाला?" महिपती डोलीतून उतरून आपल्या माइकवर आला होता. "तुझा खोका रांजणात तोंड घालून बोलतो! शेणात काठी मारल्यासारखा आवाज!"

मुरू गावाकडं बघत होता. अंगठा तोंडात.

"तुझ्या कर्ण्याला नाक हाय, पोट नाय!" खोका म्हणाला.

मुरूनं गर्रकन मान वळवली.

"पोट काय चाटायचंय? जत्रेत ऐकू जायला नाक लागतं!" कर्णा म्हणाला. मुरूनं पुन्हा अंगठा घातला.

"ऐकू तर मच्छर पन येतो कानाशी! आवडतो का कुनाला?" खोका म्हणाला, आणि मुरू आईच्या खांद्यावरून इतका मागं वाकला, की पडला असता.

चंद्रभागा वाळूत मधोमध उभी होती. दोन बाप्ये दोन बाजूंनी एकमेकांचे वाभाडे काढत होते, गाव पोट धरून हसत होतं, आणि ती मनात म्हणत होती, भांडा, अजून भांडा, थांबू नका. कर्णा बोलला, काही नाही. खोका बोलला, मान वळली. कर्ण्यानं आई काढली, काही नाही. खोक्यानं आजोबा काढला, तर मुरू चक्क हसला.

शेवटी भागोजीरावांनी यंत्राविनाच "पुरे!" म्हटलं आणि दोघंही गप्प झाले. मुरूनं त्याही दिशेला मान वळवली. आणि तिथं चंद्रभागेच्या डोक्यात लख्ख पडलं. मामंजींचा आवाज जाड. खोक्याचा जाड. परातीचा बारीक, बांगड्यांचा बारीक, चमच्याचा, कर्ण्याचा बारीक. आणि कॉलेजच्या संमेलनात जिला बायका कोकिळा म्हणायच्या, त्या तिचा स्वतःचा तर सगळ्यांहून बारीक. मुलगा रुसला नव्हता. आई त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

निकाल अर्थातच कर्ण्याचा लागला. लोक पांगल्यावर ती मुरादकडं गेली. तो खोक्याला गोणपाट गुंडाळत होता.

"मुरादभाई, ह्यातून मला थोडं बोलू द्याल?"

"आता नाय, बाई. भांडनात बॅटरी बसली." त्यानं वर पाहिलं आणि तिचा चेहरा बघून त्याचा राग थोडा उतरला. "उद्या पोलादपूरच्या नाक्यावर नवं चाचं हॉटेल उघडतंय. तिथं लावनार हाय. येता का?"

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीत चंद्रभागा, मुरू आणि तुळजाबाई. तुळजाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. "मी येनार," एवढंच त्या म्हणाल्या आणि खिडकीची जागा धरली.

हॉटेल म्हणजे नाक्यावरची झावळ्यांची पडवी. खोका फळीवर, समोर बशीतून चहा ओढणारी गिऱ्हाइकं. तुळजाबाई मुरूला मांडीवर घेऊन पाठमोऱ्या बसल्या. मुरादनं चंद्रभागेच्या हातात माइक दिला.

"ह्या बटनाला टोन म्हनतात," तो म्हणाला. "हिकडं पिळला की आवाज कर्ण्यासारखा टिनपाट. तिकडं पिळला की जाड. आधी टिनपाट लावतो."

"मुरू," ती म्हणाली. खोक्यातून कोकिळा बोलली. मुरू तुळजाबाईंच्या डोरल्याशी खेळत राहिला.

मुरादनं बटण थोडं पिळलं. "मुरू." काही नाही. आणखी पिळलं. "मुरू." गिऱ्हाइकं बशा खाली ठेवून बघायला लागली. मुरादनं बटण शेवटपर्यंत नेलं.

"मुरू," चंद्रभागा म्हणाली, आणि खोक्यातून एखादा रेंजर बोलल्यासारखं झालं.

मुरू वळला. त्यानं खोक्याकडं पाहिलं. मग आईच्या तोंडाकडं. ती पुन्हा "मुरू" म्हणाली, तशी त्यानं तिचे हलणारे ओठ बघितले, पुन्हा खोका बघितला, आणि दोन्हींचं काहीतरी नातं असल्यासारखा तिच्याकडं झेपावला.

चंद्रभागेनं त्याला पोटाशी धरलं, माइक हातातच. खोक्यातून नुसताच एक मोठा हुंदका आला आणि गिऱ्हाइकं दचकली.

"बाई हाय का बाप्या?" मागून कुणीतरी विचारलं.

"आई हाय त्याची!" तुळजाबाई कडाडल्या. मग पदरानं स्वतःचं नाक पुसत सुनेला म्हणाल्या, "हाच आवाज काढ आता घरी. शिमग्याला नवरा आला की दारातूनच परत जाईल, पन पोर तर ऐकंल."

चंद्रभागा हसली. छातीतून, जाड आवाजात "मुरू राजा" म्हणायचा प्रयत्न तिनं तिथंच करून बघितला. पहिल्यांदा खोकला आला. दुसऱ्यांदा मुरूनं तिच्या गळ्यावर हात ठेवला आणि ऐकलं. मुरादनं सगळ्यांना एकेक चहा फुकट पाजला. हॉटेल त्याचं नव्हतं, पण मालक रडत होता, त्याच्या लक्षात आलं नाही.

परतीची मोटार लागली. त्या आत बसल्या, ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून माणसं हाकारत होता, आणि खिडकीखालीच एक डोंगरातली बाई कुळथाची पाटी घेऊन बसली होती. कडेला सव्वा-दीड वर्षाची मुलगी, डोळे टक्क उघडे, गळ्यात निळा मणी. भोंगा तिच्या डोक्यावर कोकलत होता. ती कुळीथ चिवडत होती.

"भ्या नाय वाटत गो हिला, रखमे?" शेजारणीनं विचारलं.

"लय गुनाची," रखमा कौतुकानं म्हणाली. "कशानं दचकत नाय, कशानं उठत नाय."

चंद्रभागा ताडकन उठली. "अहो बाई! अहो, तिला मागून—" तेवढ्यात मोटार सुटली. इंजिनाच्या घरघरीत कोकिळेचा आवाज कुठल्या कुठं गेला. तुळजाबाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून हाक मारली. रखमानं वर पाहिलं, कुणी ओळखीचं असेल म्हणून हसून हात हलवला, मुलीला पाठीशी बांधलं आणि पाटी डोक्यावर घेऊन महाबळेश्वरच्या घाटाची वाट धरली.

पुढच्या बाजाराला चंद्रभागा पुन्हा गेली. मुरादनं खोक्यातून रखमाच्या नावाचा पुकारा केला. चांगूनं वाडीवाडीला विचारलं. रखमा नावाच्या बायका पुष्कळ निघाल्या, निळ्या मण्याची मुलगी कुणाकडं नव्हती.

म्हणून हे इथं लिहिलं आहे. तुमच्यापैकी कुणाचं पोलादपूरहून घाटाच्या बाजूला जाणं झालं, कुणाचे नातलग त्या अंगाला असले, तर वाटेतल्या वाड्यांवर तेवढी चौकशी करा. कुळीथ विकायला येणारी रखमा, आणि तिची गुणाची मुलगी. रखमाला घाबरवू नका. मुलीच्या पाठीमागं उभे राहा, टाळ्या वाजवू नका, बारीक आवाजात लाडानं बोलू नका. छातीतून जाड आवाज काढा आणि तिला हाक मारा. वळली तर आईला तसंच बोलायला शिकवा. नाही वळली, तर दोघींना महाडला आमच्याकडं घेऊन या. पण बघून मात्र या.